एका गाडीचा दुसरा संसार

मोटारगाडी म्हातारी केव्हां होते, या प्रश्नाला कारागीर एक उत्तर देईल आणि कायदेपंडित दुसरें देईल. कारागीर इंजिनाचा आवाज ऐकेल, तळाचा गंज खरवडून पाहील, चाक हलवून त्याचा ढिलेपणा अजमावील आणि मग आपला अभिप्राय देईल. कायदेपंडिताला यांतील कांहींच करण्याची गरज नाहीं. गाडी कोणत्या सालीं बांधली आणि ती कोणत्या देशांत उभी आहे, एवढें कळलें कीं त्याचा निकाल तयार असतो. गेल्या चाळीस वर्षांत जपानांतून लाखों वापरलेल्या मोटारी समुद्रापार गेल्या, त्यांतील कित्येकींचें म्हातारपण या दुसऱ्या प्रकारचें होतें. त्यांपैकीं मित्सुबिशी कंपनीच्या डेलिका नांवाच्या एका कुटुंबोपयोगी गाडीची हकीकत विशेष बोधप्रद आहे. मायदेशानें जिला रजा दिली तिनें न्यूझीलंडांत आणि कानडांत नवा संसार थाटला. आणि त्या संसाराचा लाभ कोणाला झाला व भार कोणीं सोसला, हेंही तिच्या इतिहासांत स्पष्ट वाचतां येतें.

डेलिका हें नांव डिलिव्हरी आणि कार या दोन इंग्रजी शब्दांच्या जोडणीनें बनलें आहे. नांवावरून दिसतें त्याप्रमाणें १९६८ सालीं ही गाडी जन्मली ती माल पोंचविणारा लहानसा ट्रक म्हणून. पुढल्याच वर्षीं तिला बंद पेटीचें रूप मिळालें, व हळूहळू मालाच्या जागीं माणसें बसूं लागलीं. १९७९ सालीं दुसरी पिढी आली. १९८२ च्या ऑक्टोबरांत या पिढींतील गाडीला चारी चाकांची ओढ देण्यांत आली, आणि येथूनच तिच्या कीर्तीला आरंभ झाला. त्याच वर्षीं त्याच कंपनीनें पजेरो ही खडतर रस्त्यांची गाडी बाजारांत आणली होती. तिच्यासाठीं संपादन केलेलें ज्ञान डेलिकाच्या उपयोगीं पडलें.

साध्या गाडींत इंजिनाचें बळ दोनच चाकांना मिळतें. चिखलांत किंवा बर्फांत तीं दोन चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं कीं गाडी अडली. चारी चाकांना ओढ असली म्हणजे पुढचीं घसरलीं तर मागचीं रेटतात आणि मागचीं घसरलीं तर पुढचीं ओढतात. डेलिकाला याशिवाय एक जादा गिअरपेटी होती. तिचा दांडा हलवून चालक दोन चाकांची ओढ घेई किंवा चारांची घेई, आणि उभ्या चढावर वेग कमी करून जोर वाढवी. ही सोय त्यापूर्वीं प्रायः लष्कराच्या, जंगलखात्याच्या किंवा शेतकऱ्याच्या गाडीला असे. आतां ती अशा गाडीला मिळाली कीं जिच्यांत आजी-आजोबा, मुलें, अंथरुणें व स्वयंपाकाची भांडीं एकत्र मावत. डोंगराळ आणि हिवाळ्यांत अर्धाअधिक हिमाच्छादित होणाऱ्या जपानला असल्या गाडीची गरज होतीच. १९८६ सालीं तिसरी पिढी निघाली. तिच्यांत आसनें उलगडून बिछाना करतां येई, खिडक्यांना पडदे होते, कांहीं गाड्यांच्या छतालाही कांचा होत्या, आणि पुढच्या आसनांखालीं २,४७७ घनसेंटिमीटरचें डिझेल इंजिन बसविलेलें असे. ते दिवस जपानच्या भरभराटीचे होते. शनिवारीं सायंकाळीं शहर सोडावें, रात्रीं गाडींतच निजावें आणि सकाळीं बर्फावर घसरण्याचा खेळ खेळावा, असा परिपाठ अनेक कुटुंबांत पडला होता. १९९४ सालीं स्पेस गिअर नांवाची चौथी पिढी आली, तरीही तिसऱ्या पिढीची गाडी तिच्या जोडीनें १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत विकली जात होती.

मग अशी गाडी मालक दहा-बारा वर्षांत कां टाकून देत? तिच्या पोलादाचा दोष नव्हता. दोष म्हणावा तर जमाखर्चाचा होता. १९५१ च्या वाहनविषयक कायद्यानुसार जपानांत प्रत्येक मोटारीला ठराविक मुदतीनें सरकारी तपासणींतून जावें लागतें. तेथील लोक या तपासणीला शाकेन म्हणतात. खासगी नव्या मोटारीला ती तीन वर्षांनीं आणि त्यानंतर दर दोन वर्षांनीं करावी लागते. गाडीला दहा वर्षें पूर्ण झालीं म्हणजे ती दरवर्षीं करावी, असा नियम १९९५ सालापर्यंत होता. तपासणीच्या दिवशीं नुसती फी भरून भागत नाहीं. सक्तीचा विमा त्याच वेळीं भरावयाचा, वजनावरील कर त्याच वेळीं द्यावयाचा, आणि कारागीर जे भाग बदलावयास सांगेल त्यांचेंही बिल त्याच वेळीं चुकतें करावयाचें. शिवाय गाडी उभी करण्यास स्वतःची जागा आहे, असा दाखला दाखविल्यावांचून मोटार बाळगूं न देण्याचा कायदा १९६२ सालापासून आहे. त्यामुळें नवी गाडी घेऊन जुनी अंगणांत पडूं द्यावी, हा मार्गही शहरांत बंद झाला. दहाव्या वर्षीं मालक हिशेब मांडी, आणि जुन्या गाडीवर पुन्हां एवढा पैसा घालण्यापेक्षां ती विकून मोकळें व्हावें, असें त्याला वाटे.

डिझेल गाडीवर याखेरीज आणखी एक संकट आलें. मोठ्या शहरांतील हवा धुरानें इतकी बिघडली कीं १९९२ सालीं वाहनांतून निघणाऱ्या नायट्रोजनच्या वायूंविरुद्ध विशेष कायदा करावा लागला. २००१ सालीं तो अधिक कडक करून त्यांत काजळीच्या कणांचा समावेश केला आणि डिझेलवर चालणाऱ्या खासगी मोटारीही त्याच्या कक्षेंत आणल्या. टोकियो, ओसाका व नागोया यांच्या परिसरांत जी गाडी नव्या मर्यादेंत बसत नव्हती, तिची नोंदणी ठराविक मुदतीनंतर चालू ठेवतां येईना. २००२ पासून अकरा वर्षांहून जुन्या डिझेल गाडीवर वार्षिक करही वाढविण्यांत आला. दमेकरी मुलांच्या आईबापांच्या दृष्टीनें हे कायदे सर्वस्वीं न्याय्य होते. परंतु त्यांचा परिणाम असा झाला कीं इंजिन ठणठणीत, बैठकी स्वच्छ व रंग शाबूत असलेल्या गाड्याही लिलावाच्या मैदानांत येऊन उभ्या राहिल्या.

हा लिलाव म्हणजे एक शिस्तबद्ध व्यवहार आहे. तपासनीस प्रत्येक गाडीचा एक तक्ता तयार करतो. तिला एकूण गुण देतो, आंतल्या भागाची प्रत अक्षरानें दर्शवितो, आणि गाडीच्या नकाशावर ओरखडे, पोंचे, गंज व दुरुस्ती यांच्या खुणा करतो. अपघातानंतर सांगाडा दुरुस्त केला असल्यास त्याची वेगळी नोंद करतो. हजारों मैलांवरचा व्यापारी गाडीला हात न लावतां या एका कागदाच्या भरंवशावर बोली बोलूं शकतो. पुढें गाडी बंदरावर जाते, स्वतःच्याच चाकांवर जहाजाच्या पोटांत चढते, आणि तिचा पहिला संसार संपतो.

अशा गाड्यांना सर्वांत आधीं मोठें दार उघडलें तें न्यूझीलंडनें. त्या देशाचा मोटारींविषयींचा पूर्वेतिहास निराळाच आहे. परकीय चलनाची टंचाई भासल्यामुळें १९३८ सालीं तेथील मजूरपक्षीय सरकारनें आयातीवर परवाना लावला, आणि ही व्यवस्था थोडीथोडकी नव्हे, जवळ जवळ पन्नास वर्षें टिकली. मोटारीचे सुटे भाग परदेशांतून आणावे व देशांतील कारखान्यांत ते जुळवावे, अशी पद्धति होती. तिच्यामुळें मजुरांना काम मिळालें. पण गाड्या थोड्या आणि महाग झाल्या. ज्याच्याजवळ परदेशीं शिल्लक टाकलेलें चलन असे त्याला नवी गाडी लवकर मिळे. बाकीच्यांनीं वाट पाहावी किंवा वीस-वीस वर्षांची मोटार ठिगळें लावून चालवावी. जुनी गाडी जपण्याची विद्या त्या देशाच्या अंगांत अशी टंचाईनेंच बाणली.

१९८४ सालीं अधिकारावर आलेल्या सरकारनें हे निर्बंध एकामागून एक काढून टाकण्यास सुरुवात केली, आणि त्या दशकाच्या अखेरीस जपानी वापरलेल्या मोटारींचा लोंढा ऑकलंडच्या बंदरांत शिरला. दोन्ही देशांत वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात, म्हणून स्टिअरिंगचें चाक हलविण्याचाही प्रश्न नव्हता. शिक्षक, पोस्टांतला नोकर, मेंढपाळ यांना प्रथमच आपल्या मिळकतींत बसणारी चांगली गाडी दिसली. खडीचे रस्ते, नद्यांचे उतार आणि दक्षिण बेटांतील बर्फाळ डोंगर यांना डेलिका जणूं मापानें बेतल्यासारखी होती. ज्या घरांत चार मुलें आणि एक कुत्रा आहे त्या घराला सुटीच्या दिवशीं समुद्रकिनारीं जाऊन गाडींतच मुक्काम करतां येऊं लागला.

पण या स्वस्ताईची किंमत कोणीतरी चुकविणें भाग होतें. १९९८ सालीं मोटारींवरील उरलेली जकातही रद्द झाली, आणि त्याच एका वर्षांत टोयोटाचा थेम्स येथील, होंडाचा नेल्सन येथील, निसानचा विरी येथील आणि खुद्द मित्सुबिशीचा पोरिरुआ येथील असे चारही जुळणीचे कारखाने बंद झाले. पोरिरुआच्या मजुरानें आपल्या हातांनीं ज्या कंपनीच्या गाड्या जुळविल्या, त्याच कंपनीच्या जपानांत वापरून झालेल्या गाड्या त्याच्या दारावरून जात होत्या. थेम्सच्या कारखान्याची गति तर अधिकच सूचक झाली. जेथें नव्या मोटारी जुळत तेथें पुढें जपानांतून आणलेल्या जुन्या मोटारी उजळून विक्रीस सिद्ध करण्याचें काम सुरू झालें. गिऱ्हाइकालाही सर्व लाभ निर्भेळ मिळाला असें नाहीं. अंतर मोजणाऱ्या घड्याळाचे आंकडे मागें फिरवून दीड लाख किलोमीटर चाललेली गाडी साठ हजारांची म्हणून विकण्याचे प्रकार त्या काळांत इतके बोकाळले कीं सरकारी यंत्रणेला खटले भरावे लागले. २००२ सालीं समोरून होणाऱ्या टकरीच्या कसोटीचा नियम आयात गाड्यांना लागू झाला, आणि जुन्या बांधणीच्या गाड्यांचें दार तेथें बरेंचसें मिटलें.

तोंपर्यंत पॅसिफिकच्या दुसऱ्या तीरावर दुसरें दार उघडलें होतें. कानडाच्या कायद्यांत अशी तरतूद आहे कीं पंधरा वर्षें पूर्ण झालेल्या मोटारीला त्या देशाचे सुरक्षिततेचे निकष लावले जात नाहींत. जुन्या दुर्मिळ गाड्यांच्या शोकिनांची सोय व्हावी, इतपतच या सवलतीचा उपयोग होईल असें पूर्वीं वाटण्यासारखें होतें. परंतु १९८६ सालीं बांधलेली डेलिका २००१ सालीं पंधरा वर्षांची झाली, आणि ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील सामान्य कुटुंबांना एक नवाच शोध लागला. इतकी प्रशस्त, चारी चाकांच्या ओढीची, डिझेलवर चालणारी व्हॅन उत्तर अमेरिकेंत नवी मिळतच नव्हती. मित्सुबिशीनें अमेरिकन संस्थानांत १९८७ ते १९९० या काळांत ही व्हॅन विकली होती, पण ती केवळ मागच्या चाकांच्या ओढीची होती. अमेरिकन संस्थानांत ही सूट मिळण्यास पंचवीस वर्षें लागतात. १९८८ च्या कायद्यानें ती मुदत घालून दिली आहे. म्हणून १९८७ ची डेलिका व्हँकुव्हरला २००२ सालीं चालली आणि दक्षिणेकडे अगदीं थोड्या अंतरावर असलेल्या सिॲटलला २०१२ सालापर्यंत थांबली. मधें डोंगर नव्हता कीं समुद्र नव्हता. सरहद्दीची एक रेघ तेवढी होती.

कानडांत मात्र एक अडचण अशी होती कीं जी न्यूझीलंडांत नव्हती. तेथें वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात, आणि डेलिकाचें स्टिअरिंगचें चाकही उजवीकडेच. पुढच्या गाडीला ओलांडून जावयाचें तर चालकाला समोरून येणारें वाहन दिसत नाहीं. शेजारीं बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर विसंबावें लागतें. मुलांना उतरण्याचें सरकतें दार डावीकडे असल्यामुळें तें पदपथाकडे न उघडतां वाहत्या रस्त्याकडे उघडतें. पुढचे दिवे डावीकडून जाणाऱ्या वाहतुकीसाठीं रोखलेले असतात. ते न बदलल्यास समोरच्याचे डोळे दिपतात. ब्रिटिश कोलंबियांतील अनुभवावर आधारलेला एक अभ्यास २००९ सालीं प्रसिद्ध झाला. अशा उलट्या हाताच्या गाड्यांच्या चालकांकडून स्वतःच्या चुकीनें अपघात होण्याचा संभव इतरांपेक्षां ४० टक्क्यांहून अधिक असल्याचें त्यांत आढळलें. क्वेबेक प्रांतानें २०१० सालीं उजव्या हाताच्या गाड्यांची मुदत पंधराऐवजीं पंचवीस वर्षें केली. त्यांत जुन्या डेलिकाची बांधणी अशी कीं चालक पुढच्या चाकांच्या माथ्यावर बसतो; त्याच्या गुडघ्यांपुढें पत्र्याखेरीज फारसें कांहीं नसतें. सुरक्षिततेच्या निकषांतून सूट मिळाली म्हणून टकरीचा आघात कमी होत नाहीं.

तरीही ज्यांनीं ही गाडी बाळगली त्यांच्यावर तिनें एक अनपेक्षित संस्कार केला. नव्या गाडीचा मालक चावी फिरवितो आणि बिघाड झाला कीं विक्रेत्याकडे जातो. डेलिकाच्या मालकाला हा मार्ग नव्हता. मित्सुबिशीनें कानडांत आपलीं दुकानें २००२ सालीं उघडलीं, पण तेथें डेलिका कधीं विकलीच नव्हती. मालकाला स्वतःच पुढचें आसन उचलून इंजिन पाहावें लागे. हें डिझेल इंजिन दीर्घायुषी खरें. पण त्याला दोन पथ्यें कडक आहेत. पहिलें असें कीं तें तापूं द्यावयाचें नाहीं. पाणी कमी होऊन तें एकदां फार तापलें कीं वरच्या हेडला तडा जातो. दुसरें पथ्य आंतल्या टायमिंग बेल्टचें. तो मुदतींत बदलला नाहीं व चालत्या इंजिनांत तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून क्षणांत सारा नाश होतो. पण पहिल्या मालकानें तो केव्हां बदलला होता, हें कळावें कसें? जपानी कारागीर बेल्ट बदलल्यावर तारीख व अंतर लिहिलेली चिठ्ठी इंजिनाजवळ चिकटवितो. ती जपानी लिपींत असते, आणि वर्ष बहुधा तेथील सम्राटाच्या शकांत असतें. हेइसेई ६ म्हणजे इसवी सन १९९४, हें ज्याला ठाऊक नाहीं त्याला ती चिठ्ठी निरुपयोगी. पंचांगांतील शालिवाहन शक आणि कचेरींतील इसवी सन यांचा मेळ घालण्याची संवय असलेल्या महाराष्ट्रीय श्रोत्यांना ही अडचण सहज समजेल. गाडींतल्या रेडिओची गोष्ट तर अधिक गमतीची आहे. जपानांत एफ. एम. प्रक्षेपण ७६ ते ९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत बांधलेलें होतें. कानडांत व न्यूझीलंडांत तो पट्टा ८८ पासून १०८ पर्यंत आहे. म्हणून डेलिकाचा रेडिओ नव्या देशांत आला म्हणजे बहुतेक केंद्रांना बहिरा होई, आणि केवळ टोंकाचीं एकदोन केंद्रें त्याला ऐकूं येत. अशा शंभर लहान गोष्टींसाठीं मालकांनीं एकमेकांना गांठलें, पुस्तिकांचीं भाषांतरें केलीं, सुटे भाग सामुदायिक मागणीनें मागविले. गाडीनें माणसें जोडलीं तीं अशा गरजेपोटीं.

हिंदुस्थानांतही वाहनें डावीकडून चालतात. मग ही गाडी येथें कां आली नाहीं? याचेंही उत्तर कायद्यांतच आहे. २००१ सालीं आखलेल्या आयात धोरणानुसार वापरलेली मोटार तीन वर्षांहून जुनी नसावी, तिचें स्टिअरिंग उजवीकडे असावें, आणि ती उतरावी तर फक्त मुंबई बंदरांत, असें ठरलें. म्हणजे जी डेलिका पंधराव्या वर्षीं व्हँकुव्हरला पात्र ठरते, ती मुंबईला त्यापूर्वीं बारा वर्षें अपात्र झालेली असते. एका देशानें कमाल वय ठरविलें आणि दुसऱ्यानें किमान. पुणें-पिंपरीकडील कारखान्यांतील मजुराच्या दृष्टीनें हें दार बंद असणें हिताचें होतें, हें पोरिरुआच्या अनुभवावरून म्हणतां येतें. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०१५ ते २०१८ या अवधींत जगांत सुमारें १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या गाड्या एका देशांतून दुसऱ्या देशांत गेल्या, आणि त्यांतील बहुसंख्य विकसनशील देशांत गेल्या. ज्या देशांना नीट तपासणी करतां येत नाहीं, तेथें दुसऱ्याचा धूर व दुसऱ्याचा धोकाही गाडीबरोबर उतरतो.

एवंच जुन्या गाडीला सरसकट वाईट किंवा सरसकट चांगली म्हणण्यांत अर्थ नाहीं. टिकाऊ वस्तु अकालीं मोडींत जाऊं न देणें ही काटकसर आहे. पण ती काटकसर जो करील त्यानें तपासणीचा, दुरुस्तीचा आणि सावधगिरीचा भार स्वतःच्या शिरावर घेतला पाहिजे. जपानांत तो भार शाकेनच्या रूपानें सरकार बसवीत होतें. समुद्र ओलांडल्यावर तो उतरत नाहीं. तो नव्या मालकाकडे येतो, आणि त्यानें तो न उचलल्यास मागच्या आसनावर बसलेल्या मुलांकडे जातो.

डेलिकाची पांचवी पिढी २००७ च्या जानेवारींत जपानांत विक्रीस आली. पंधरा वर्षांचा हिशेब पाहतां तिच्यांतील पहिल्या गाड्यांना २०२२ सालीं कानडाचें दार उघडलें. स्टिअरिंगचें चाक अजून उजवीकडेच आहे, मुलांचें रस्त्याकडे उघडणारें दारही तेथेंच आहे. तें उघडण्यापूर्वीं मागें वळून पाहण्याचें काम कायद्यानें गाडीच्या मालकावरच सोपविलें आहे.